झाकण मिटताना

त्या रुग्णालयात मुतखड्याची शस्त्रक्रिया तीन माणसे करतात, असे थट्टेने म्हटले जाई: मोठे डॉक्टर, त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या छोट्या मॅडम आणि दुर्बीणमामा. यांपैकी मामांनी शस्त्रक्रियागृहात क्वचितच पाऊल टाकले असेल. त्यांचे राज्य भिंतीपलीकडच्या धुण्याच्या खोलीत होते. दोन खोल बेसिने, हवेच्या दाबाची एक नळी, जाडीच्या क्रमाने टांगलेले ब्रश आणि भिंतीतली एक झडप, जिच्यातून वापरलेली उपकरणे आत येत. एवढ्या जगात त्यांनी बावीस वर्षे काढली होती. उपकरणे ‘धुणे’ हा शब्द मात्र त्यांना खपत नसे. “धुतात ती भांडी,” ते म्हणत. “हिला न्हाऊ घालावं लागतं.”

‘हिला’ म्हणजे त्या लवचिक दुर्बिणीला. बोरूहून बारीक, हाताहून थोडी लांब, काळी नळी. मुठीजवळची कळ दाबली की टोक दोन्ही बाजूंना वळणारे. लघवीच्या वाटेने ती थेट किडनीच्या कानाकोपऱ्यात जाते आणि तिच्या पोटातून सोडलेली लेसरची तार खड्याचा चुरा करते. अशी दुर्बीण रुग्णालयात एकच होती. प्रत्येक वापरानंतर मामा तिच्यात हवा भरून तिला पाण्यात बुडवत, टोक या बाजूला आणि त्या बाजूला वळवत आणि श्वास रोखून पाण्याकडे बघत राहत. बुडबुडा आला नाही तर दुर्बीण शाबूत. आला तर कुठेतरी छिद्र पडले आहे, आत पाणी शिरणार आणि चित्र अंधारणार. बावीस वर्षांत त्यांच्या हातून एकही बुडबुडा निघाला नव्हता. हे वाक्य त्यांच्या तोंडी इतके बसले होते, की बायको ते त्यांच्या आधीच पुरे करत असे.

तपासणीची नोंद करण्याची त्यांची एक पद्धत होती. दिवसभराच्या सगळ्या तपासण्या डोक्यात ठेवायच्या आणि घरी निघण्यापूर्वी, हात कोरडे झाल्यावर, एकदमच वहीत बरोबरच्या खुणा करायच्या. ओल्या हाताने वही खराब होते, असे त्यांचे म्हणणे. या पद्धतीला कोणी कधी हरकत घेतली नव्हती.

साडूंना मुतखडा निघाला, तेव्हा सल्ल्यासाठी ते दोघे नवरा-बायको आधी डॉक्टरांकडे नव्हे, मामांच्या स्वयंपाकघरात आले. साडू सुतार. बोलणे मोजके, पण तोंडावर थट्टा कायम. मामांनी गरम पाण्याची रबरी पिशवी टेबलावर उलटी ठेवली, तिच्याखाली खडूचा तुकडा सरकवला आणि घसा साफ केला.

“ही किडनी. हा तुमचा खडा. सतरा मिलिमीटर, अगदी तळाच्या कप्प्यात. तिथवर जायचे तीन रस्ते.”

“झालं सुरू,” मामांची बायको म्हणाली. “खडे फोडायला डॉक्टर आणि भाषण ठोकायला हे.”

“पहिला रस्ता बाहेरून. मशीनवर नुसतं पडून राहायचं. बाहेरून धक्क्यांच्या लहरी सोडतात, खडा आतल्या आत फुटतो. कापाकापी नाही, संध्याकाळी घरी. पण फुटलेले तुकडे तुमचे तुम्हीच बाहेर काढायचे. तुमचा बसलाय तळाला, चुरा वर चढून येणार कसा? शिवाय खडा कठीण आहे.”

“कठीण म्हणजे? सागवान की शिसव?”

“शिसव.”

“मग नको. पुढे बोला.”

“दुसरा रस्ता पाठीतून. बोटभर रुंदीचं भोक पाडून सरळ किडनीत शिरायचं. मोठा खडा असला तरी बहुतेक एका बैठकीत साफ. पण रक्त जाऊ शकतं, तीन-चार दिवस मुक्काम, पाठीतून एक नळी लोंबत राहते. तिसरा रस्ता लघवीच्या वाटेनं...”

“अहो, जेवायच्या टेबलावर!” बायको ओरडली. मेव्हणीने पदर तोंडाला लावला.

“...आमच्या दुर्बिणीचा. कुठेही भोक नाही. लेसरनं चुरा. कधीकधी दोन बैठका लागतात आणि काही दिवस आत एक बारीक नळी ठेवतात, ती टोचते थोडी. बस.”

साडूंनी रबरी पिशवी उचलून उलटसुलट पाहिली. “म्हणजे खोलीतलं कपाट फोडायचंय. बाहेरून भिंतीवर हातोडे हाणायचे, भिंतीला भगदाड पाडायचं, की गुपचूप दारानं आत जायचं, एवढाच प्रश्न ना?”

“अगदी बरोबर.”

“मग दारानंच जाऊ की. पाठीला मात्र कोणी हात लावायचा नाही, साडूसाहेब. माझं सगळं दुकान पाठीवर उभं आहे.”

“पाठीला हात लागणार नाही. माझ्यावर सोडा,” मामा म्हणाले. वास्तविक हे सांगण्याचा अधिकार त्यांचा नव्हता. पण मोठ्या डॉक्टरांनीही खडा तपासून तोच रस्ता निवडला, आणि मामांचा शब्द डॉक्टरांच्या शब्दाआधी उच्चारला गेला होता, एवढेच घरात सर्वांच्या लक्षात राहिले.

शस्त्रक्रियेच्या चार दिवस आधी साडू रक्ततपासणीसाठी आले. दुपारची वेळ होती, सकाळच्या शस्त्रक्रिया आटोपल्या होत्या. शेवटची छोट्या मॅडमनी केली होती, मोठ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्यानंतर मामांनी दुर्बीण पाण्यात बुडवून पाहिली होती आणि ती स्वच्छ, कोरडी, निर्दोष अशी ट्रेमध्ये वेटोळी घालून ठेवली होती. बाहेरच्या माणसाला त्या खोलीत मज्जाव होता. मामांनी साडूंना खुणेने आत बोलावले.

“ही बघा. तुमच्या पोटात जाणार ती.”

त्यांनी दुर्बीण ट्रेमधून उचलली आणि कळ दाबली. टोकाने मान वाकडी केली, मग दुसऱ्या बाजूला केली. साडू खरोखरच थक्क झाले. हत्यार ओळखणाऱ्या माणसाचे थक्क होणे होते ते. त्यांनी हात पाठीमागे बांधले, जणू लहानपणी कोणीतरी दुसऱ्याच्या हत्याराला हात लावू नये असे बजावले होते. “काय हात असेल हो बनवणाऱ्याचा,” ते म्हणाले.

“आणि सांभाळणाऱ्याचा?”

“तोही आलाच.”

एवढ्यात बाहेर मोठ्या डॉक्टरांचा आवाज आला. मामांनी झटकन दुर्बीण ट्रेमध्ये ठेवली, एरवी ठेवत तशी दोन तळव्यांवर तोलून नव्हे, आणि झाकण दाबले. टक्क असा एक बारीक, कोरडा आवाज झाला. साडूंनी झाकणाकडे पाहिले, मग मामांकडे. मामांनी त्यांना मागच्या दाराने वाटेला लावले.

एकटे झाल्यावर त्यांनी झाकण उघडले. नळीचा एक वळसा ट्रेच्या काठावर आला होता. तिला हवा भरून त्यांनी पाण्यात बुडवली. टोकापासून वीतभर अंतरावरून बुडबुड्यांची एक बारीक, अखंड माळ वर येत राहिली. त्यांनी तीनदा बुडवून पाहिले. तिन्ही वेळा माळ तशीच, घाई नसल्यासारखी.

पुढे जे घडले त्यात एकही शब्द खोटा नव्हता; मामांना नंतर त्याचीच सर्वांत जास्त शरम वाटली. सकाळच्या तपासणीची खूण वहीत अजून व्हायची होती. त्यांच्या पद्धतीप्रमाणे रकाना रिकामा होता. त्यांनी हात पुसले आणि त्यात लिहिले: ‘गळती आढळली.’ बिघाडाच्या कागदावर ‘यापूर्वीची शस्त्रक्रिया कोणी केली’ असा प्रश्न होता. तिथे त्यांनी छोट्या मॅडमचे नाव लिहिले. तेही खरे होते. कागद वाचणारा प्रत्येक जण त्या दोन खऱ्या वाक्यांमधून एकच अर्थ काढणार होता, आणि तो काढण्याचे काम मामांनी वाचणाऱ्यांवर सोपवले होते.

अर्थ काढला गेला. लेसरची तार आत असताना टोक फार वेळ वाकवून ठेवले असेल, असे मोठे डॉक्टर म्हणाले. वाकवले तर छोट्या मॅडमनी होतेच. तळाच्या कप्प्यात शिरायचे तर वाकवल्यावाचून भागत नाही. त्यांना काही महिने दुर्बिणीपासून दूर ठेवायचे ठरले. दुर्बीण दुरुस्तीसाठी कंपनीकडे गेली.

साडूंपुढे मोठ्या डॉक्टरांनी आता दोन पर्याय ठेवले. पाच-सहा आठवडे थांबायचे, दुर्बीण आल्यावर ठरल्याप्रमाणे करायचे. पण तोवर कळा येणार, मध्येच जंतुसंसर्ग झाला तर प्रकरण चिघळणार. किंवा ठरल्या दिवशीच, पाठीतून. लहरींचा मार्ग या खड्याला लागू पडणार नाही, हे त्यांनी पुन्हा सांगितले. मेव्हणी बाहेर आली ती थेट मामांकडे.

“भाऊजी, तुम्हीच सांगा. थांबायचं, की करून टाकायचं?”

मामांना उत्तर ठाऊक होते; तेवढ्या मोठ्या, तेवढ्या कठीण, तळाशी बसलेल्या खड्याला थांबण्यापेक्षा पाठीचा रस्ता बरा, हे कोणत्याही डॉक्टराने सांगितले असते. परंतु त्या क्षणी त्यांच्या मनात खडा नव्हता. थांबले तर सहा आठवडे रोज घरात दुर्बिणीचा विषय निघेल, कधी आली, काय झालं होतं, कसं मोडलं. शस्त्रक्रिया उरकली की सगळे विसरतील, एवढेच होते.

“पाठीतूनच करून टाका,” ते म्हणाले. “एका बैठकीत साफ होतो.”

साडू बाकावर बसून होते. त्यांनी मामांकडे बराच वेळ पाहिले. “तुम्ही म्हणताय तर भगदाड पाडू,” ते म्हणाले, आणि नेहमीसारखे हसले नाहीत.

खडा एका बैठकीत पूर्ण निघाला. मोठे डॉक्टर खूश होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाठीतल्या नळीतून येणारी लघवी गुलाबीची लाल झाली, आणि दुपारपर्यंत लाल म्हणण्यापलीकडची. नळी बंद करून रक्त आतल्या आत थांबू द्यावे लागले, वरून रक्ताच्या दोन पिशव्या चढवाव्या लागल्या. असे होऊ शकते, ही कल्पना आधीच दिली होती, असे डॉक्टरांनी शांतपणे सांगितले; तेही खरेच होते. मामा पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. साडूंच्या अंगठ्याच्या नखात अडकलेला लाकडाचा भुसा त्यांना तिथून दिसत होता. मेव्हणी त्यांच्या दंडाला धरून म्हणाली, “तुम्ही इथले आहात म्हणून धीर आहे हो भाऊजी.” त्यांनी दंड सोडवून घेतला आणि नळ बंद करायचा राहिला आहे असे काहीसे पुटपुटत बाहेर पडले. धुण्याच्या खोलीत सगळे नळ बंदच होते.

रक्त तिसऱ्या दिवशी थांबले. नळी निघाली. साडूंना घरी सोडायच्या आदल्या दुपारी मामा त्यांच्याजवळ बसले होते. मेव्हणी औषधे आणायला गेली होती. साडू एका कुशीवर पडून खिडकीच्या चौकटीकडे बघत होते.

“ही चौकट ज्यानं बसवली ना, त्यानं ओळंबा लावलाच नाही,” ते म्हणाले. “वरच्या कोपऱ्यात बघा. पोटीन भरून झाकलंय.”

मामांनी पाहिले. त्यांना काही दिसले नाही.

“साडूसाहेब,” साडू त्याच सुरात म्हणाले, “झाकण बसलं तेव्हा आवाज आला होता.”

मामांना सुचले ते विचारू नये असे होते. “मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“माझी काय खोली आहे ती? मला वाटलं, तुम्ही बोलाल.” कूस बदलताना त्यांना कळ आली, ती जाईपर्यंत ते थांबले. “म्हटलं, आज बोलतील, उद्या बोलतील. मग म्हटलं, नोकरीवर गदा येत असेल. मीच तर बघायला आलो होतो ना. मग ठरवलं, पाठ तर पाठ.”

त्यांच्या बोलण्यात राग असता तर मामांना सोपे गेले असते. रागाला उत्तर देता येते. मामा उठले. कुठे जायचे ते पायांना माहीत होते.

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत छोट्या मॅडमही होत्या. संगणकाच्या पडद्यावर शस्त्रक्रियेचे चित्रण थांबवलेले होते: किडनीची गुलाबी भिंत, मधोमध लेसरचा हिरवा ठिपका. मामांनी सांगितले. कसे सांगितले ते त्यांना नंतर आठवेना. दाराजवळच उभे होते आणि वही छातीशी धरली होती, एवढेच आठवते. डॉक्टरांनी किती वाजता, ट्रे कोणता, पाण्यात किती वेळा बुडवली, असे दोन-तीन प्रश्न विचारले. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“कंपनीचं पत्र आलंय परवा. बाहेरून दबल्याची खूण आहे म्हणतात. मी त्यांना फोनवर झापलं, मामा. म्हटलं, झाकणात अडकवणारा माणूस आमच्याकडे नाही.”

छोट्या मॅडम पडद्याकडेच बघत होत्या.

“आठ दिवस रोज हे बघतेय मी,” त्या म्हणाल्या. “त्रेपन्न मिनिटांचं आहे. कुठे चुकलं ते सापडेना. काल वाटलं, इथे असेल. टोक जरा जास्त वाकलंय. इथेच असेल असं मी ठरवूनसुद्धा टाकलं होतं.” त्यांनी पडद्यावरच्या एका जागेवर बोट ठेवले आणि काढून घेतले. मग विचारले, “टोकापासून किती अंतरावर दबली?”

मामांनी अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली. छोट्या मॅडमनी ती वीत पाहिली, चित्रण बंद केले आणि त्या खोलीबाहेर गेल्या. मामांनी त्यांच्यासाठी दार धरून ठेवले होते, तेही त्यांचे त्यांनाच ओंगळ वाटले.

शिक्षा झाली ती मोजकीच. लेखी ताकीद, आणि वर्षभर दुर्बिणीला हात लावायचा नाही. धुण्याच्या खोलीत त्यांना आता कात्र्या, चिमटे, वाट्या असे काम मिळाले. प्रत्येक तपासणीची खूण तिथल्या तिथे, ओल्या हाताने का होईना, करायची असा नवा नियम निघाला. वहीची पाने फुगू लागली. मामांना आता एक सवय जडली. कोणतेही झाकण मिटण्यापूर्वी ते ट्रेच्या चारही काठांवरून बोट फिरवतात. नव्याने आलेल्या सिस्टरला हा मोठा टापटिपीचा माणूस वाटतो.

घरी मात्र त्यांनी एवढेच सांगितले, की काम बदलले. बायकोने त्याचा आपल्या परीने अर्थ लावला: वय झाले, मान वाढला, हलके काम दिले. शेजारीपाजारीही तिने तसेच सांगितले. मामांनी ते दुरुस्त केले नाही. रिकाम्या रकान्यात दुसऱ्याला हवे ते लिहू देण्याची ही आपली दुसरी खेप, हे त्यांना कळत होते.

दोनेक महिन्यांनी एका सुट्टीच्या दुपारी साडू आणि मेव्हणी जेवायला आले होते. साडू पुन्हा रंधा मारायला लागले होते. वाकताना पाठीत अजून लागते, असे मेव्हणी म्हणाली. जेवणे होतात तोच समोरच्या घरातला पोस्टमन दारात उभा राहिला, हातात सोनोग्राफीचा कागद घेऊन.

“मामा, जरा बघता का? खडा निघालाय. वहिनी म्हणाल्या, तुमच्याइतकं कोणी समजावून सांगत नाही.”

“बसा ना,” बायको म्हणाली. “आणा हो ती पिशवी. आज मी ओरडणार नाही.”

मामांनी कागद हातात घेतला नाही. “डॉक्टरांना विचारा. तेच सांगतील तिन्ही रस्ते.”

“अहो, असं काय करता? लाजताय की काय?”

साडूंनी खुर्ची पुढे ओढली. “मी सांगतो, इकडे बघा.” सदरा थोडा वर करून त्यांनी पाठीवरचा रुपयाएवढा वण दाखवला. “हा भगदाडाचा रस्ता. काम चोख होतं. खडा एकदाच जातो, उरत नाही. मला खरं तर दारानं जायचं होतं, लघवीच्या वाटेनं, दुर्बिणीनं.” इथे ते अडखळले, क्षणभरच. सदरा नीट खाली ओढत म्हणाले, “पण ती नेमकी तेव्हा दुरुस्तीला गेली होती. नशीब, दुसरं काय.”

पोस्टमनने मान डोलावली. बायको ताटे गोळा करू लागली. कोणीही काही विचारले नसते. ही तिसरी खेप मात्र मामांना सोसेना.

“नशिबानं गेली नव्हती,” ते म्हणाले. “मी मोडली होती. ह्यांना दाखवायला काढली, घाईत झाकणात चिरडली आणि छोट्या मॅडमच्या नावावर जाऊ दिली. म्हणून ह्यांच्या पाठीला भोक पडलं. काम बदललं नाही माझं, काढून घेतलंय.”

मेव्हणीने साडूंकडे पाहिले. साडूंनी टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला, जणू तिथे लाकडाची कूस बोटाला लागते का ते बघत होते. पोस्टमनला आपला कागद कुठे ठेवावा ते कळेना. बायकोच्या हातात ताटांची चळत तशीच होती. ती खाली ठेवताना तिने अजिबात आवाज होऊ दिला नाही, आणि मामांकडे न बघता आत निघून गेली.